नवं मशीन की नवं शेत?

ऑगस्ट सरत आला की इंग्लंडच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत गव्हाची कापणी उरकते, शेतात नुसती धसकटं उरतात आणि मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. दुकानांच्या जाहिराती याच दिवसांत जोर धरतात. क्लबात चहाच्या कपाभोवती चार माणसं जमली की पाचव्या मिनिटाला तोच विषय निघतो: हातातलं मशीन चालवावं, की विकून नवं घ्यावं? साधं मशीन दोन-तीनशे पौंडांत येतं, मधल्या फळीतलं पाच-सहाशेला पडतं आणि वरच्या फळीतल्याला बारा ते पंधराशे मोजावे लागतात. म्हणजे रुपयांत दीड लाखाच्या आसपास. एवढे पैसे घालून जास्त काय सापडणार, हे कुणी नीट सांगत नाही.

मराठी वाचकाला आधी हा छंद म्हणजे काय ते सांगायला हवं. साताऱ्यातला माझा भाऊ अजूनही फोनवर पहिला प्रश्न विचारतो, "काय रे, हंडा लागला का?" आपल्याकडे जमिनीतलं शोधणं म्हटलं की गुप्तधन आठवतं आणि त्यापाठोपाठ मांत्रिक आणि पोलीस. कायदाही कडक आहे. 1878 च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत मिळालं तर कलेक्टरला कळवावं लागतं, आणि संरक्षित किल्ल्यावर किंवा लेण्यांपाशी मशीन फिरवून खणण्याची तर सोयच नाही. इंग्लंडात मात्र शेतमालकाने परवानगी दिली की संरक्षित स्थळं सोडून हे उघडपणे करता येतं. तीनशे वर्षांहून जुनी आणि निदान दहा टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू, किंवा तशी दोन नाणी एकत्र सापडली, तर 1996 च्या ट्रेझर कायद्यानुसार चौदा दिवसांत कळवायचं. सुटं नाणं, बक्कल, अंगठीचा तुकडा अशा बाकीच्या गोष्टी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या जिल्हा अधिकाऱ्याला दाखवायच्या. तिथे नोंदवलेल्या वस्तू आता पंधरा लाखांच्या पुढे गेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक छंदिष्टांनीच आणून दिलेल्या आहेत. भावाला मी सांगतो, "दादा, हंडा नाही, बटण लागलं." आणि ते खरं असतं. जॉर्जियन काळातली सपाट बटणं, शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या, काडतुसांची पितळी बुडं आणि चेपलेले अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे, हेच रोजचं पीक.

जुन्या मशीनच्या बाजूने बोलणारे दोन दाखले हमखास देतात. पहिला 1992 सालचा. सफोकमधल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने एरिक लॉज या ओळखीच्या माणसाला तो शोधायला बोलावलं. लॉज यांच्याकडे निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेला डिटेक्टर होता. हातोडा शोधता शोधता रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळातला खजिना लागला. त्यात पंधरा हजारांच्या आसपास सोन्याचांदीची नाणी, शिवाय चमचे, दागिने, मिरपूड ठेवायची चांदीची भांडी होती. पहिल्या काही मुठींनंतर लॉज यांनी हात आवरला आणि बाकीचं पुरातत्त्व खात्याला खणू दिलं, म्हणून त्या खजिन्याबद्दल एवढं कळलं. हातोडाही मिळाला आणि तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसरा दाखला 2009 चा, स्टॅफर्डशरचा. टेरी हर्बर्ट यांना नांगरलेल्या शेतात अँग्लो-सॅक्सन काळातला सोन्याचा साठा सापडला. सरकारी समितीने त्याची किंमत 32 लाख 85 हजार पौंड ठरवली. त्यांचं मशीन चौदा वर्षांचं जुनं होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत ठळक छापून आलं होतं.

दुकानदाराला गप्प करायला हे दाखले बरे आहेत, पण पुरावा म्हणून लंगडे. नांगराने वर आलेला किंवा मोठ्या संख्येने एकत्र पुरलेला धातू कुठल्याही मशीनवर किंचाळतो. त्या दोन शेतांत त्या दोन दिवशी तुमचं-माझं कुठलंही मशीन पुरेसं ठरलं असतं. या गोष्टींतून सिद्ध होतं ते एवढंच की मोठं घबाड मशीनच्या ताकदीवर अवलंबून नसतं. रोज सापडणारं बारीकसारीक कशावर अवलंबून असतं, हा वेगळा प्रश्न आहे आणि पैसे खर्च करणाऱ्याला उत्तर त्याचंच हवं असतं.

मला स्वतःला याहून जुना दाखला आवडतो. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात नेमकी कुठे आहे ते कळेना, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल विद्युत-चुंबकीय यंत्र घेऊन आले. जुलैच्या अखेरीस पहिला प्रयत्न फसला. बेल यांनी यंत्रात सुधारणा केल्या आणि काही दिवसांत परत आले. दुसराही फसला. पलंगाच्या गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी सिग्नल बिघडवला असावा, असं पुढे म्हटलं गेलं. पण खरी अडचण निराळीच होती. मुख्य डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजवीकडे आहे, म्हणून यंत्र फिरलं ते उजव्या बाजूवर. गोळी डावीकडे होती. अपग्रेड झालं, जागा मात्र तीच चुकीची राहिली.

आता जाहिरातींतल्या सर्वांत लाडक्या शब्दाकडे येऊ: खोली. "आधीपेक्षा खोल" हे प्रत्येक नव्या मॉडेलच्या खोक्यावर असतं. मशीनच्या टोकाशी असलेल्या कॉइलमधून निघणारं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होत जमिनीत उतरतं. वस्तूत त्यामुळे भोवरा-प्रवाह तयार होतात आणि त्यांचं उत्तर वर येताना पुन्हा त्याच हिशेबाने विरतं. कॉइलच्या आकाराच्या मानाने वस्तू बरीच खोल असेल तर परत येणारा सिग्नल ढोबळमानाने अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. म्हणजे तेच नाणं दुप्पट खोलीवर पकडायचं तर 64 पट सिग्नल लागेल. दुप्पट राहू द्या. नुसती दहा टक्के खोली वाढवायची तरी पाऊणपटीहून जास्त वाढ हवी, आणि वीस टक्क्यांसाठी जवळपास तिप्पट. इलेक्ट्रॉनिक्स कितीही सुधारलं तरी हा हिशेब कुणाला चुकत नाही. वीस वर्षांपूर्वीचं चांगलं मशीन साध्या मातीत मध्यम आकाराचं नाणं वीत-सव्वा वीत खोलीवरून सांगत होतं. आजचं थोडं जास्त सांगतं, खणायचं की नाही याबद्दल जास्त खात्रीने सांगतं, पण हातभर खाली काही उतरत नाही.

शिवाय ती खोली हवी कशाला? इंग्लंड-वेल्समध्ये पाळायची जी आचारसंहिता आहे, ती सांगते की आधीच उलथापालथ झालेल्या जमिनीत, नांगर जातो तेवढ्या खोलीपर्यंतच खणावं. त्याखालचे थर अजून अस्पर्श असतात आणि वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती हीच तिथली खरी माहिती असते. ती आपण फावड्याने पुसून टाकायची नाही. तेव्हा सभ्यपणे शोधणाऱ्याला नांगरटीच्या थरापुरती नजर पुरते, आणि ती त्याच्या मशीनला बहुधा असतेच.

मग इतक्या वर्षांत सुधारलं काय? माझ्या मते दोन गोष्टी मोठ्या सुधारल्या. पहिली म्हणजे लोखंडाच्या गर्दीतून बारीक वस्तू वेगळी काढणं. जिथे माणसं पिढ्यान् पिढ्या राहिली तिथे जमिनीत खिळेच खिळे असतात. ढोल-ताशाच्या पथकाशेजारी कुणी बासरी वाजवावी, तशी चांदीच्या बारक्या तुकड्याची गत होते. जुनं मशीन एका खिळ्याला उत्तर देऊन सावरेपर्यंत कॉइल पुढे सरकलेली असते आणि मधली चांदी निसटते. दोन सिग्नलांच्या मध्ये सावरायचा हा वेग नव्या मशीनांत खूपच वाढला आहे. 2009-10 च्या सुमारास फ्रान्समधल्या एक्सपी कंपनीच्या डेउसने या बाबतीत इतरांना मागे टाकलं, आणि तेव्हापासून सगळ्यांनाच त्याच्या मागे धावावं लागलं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नॉरफोकमधला एक शेततुकडा, जुन्या वाड्याचा पाया कुठेतरी खाली असावा असा. माझ्या मशीनवर तिथे नुसती घरघर. सोबतच्या सद्गृहस्थांनी त्यांचं नवं मशीन हळूहळू फिरवलं, थांबले, पाऊण फूट मागे आले आणि पुन्हा फिरवलं. हेडफोन माझ्या कानाला लावला तर खिळ्यांच्या गुरगुरीत एक आखूड, उंच, स्वच्छ टिक. दिशा बदलली तरी तीच. चार बोटं खोल ढेकूळ निघालं, हातातल्या छोट्या पिनपॉइंटरने त्यातला कोपरा दाखवला आणि चिखलाची खपली निघाल्यावर पापुद्र्याएवढा चांदीचा त्रिकोण दिसला. तेराव्या शतकातल्या पेनीचा पाव भाग. त्या काळी सुटे पैसे हवे असले की पेनीच कापून अर्धी किंवा पाव करत. 1247 पासून नाण्यावरचा क्रूस कडेपर्यंत नेला, त्यामुळे कापायला सरळ रेषच मिळाली. पुढे 1279 नंतर एडवर्ड पहिल्याने गोल अर्धी आणि पाव पेनी काढल्यावर कापाकापी थांबत गेली. असा तुकडा ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा भरतो. त्यावर माझं मशीन किती वेळा गेलं असेल कोण जाणे. त्याला तो कधी ऐकूच आला नसता.

दुसरी सुधारणा म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर काम करणं. कमी फ्रिक्वेन्सी मोठ्या, चांगल्या वाहक वस्तूंना मानवते, जास्त फ्रिक्वेन्सी बारीक आणि पातळ वस्तूंना. जमिनीतली खनिजं आणि समुद्राचं खारं पाणी प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर वेगळं वागतात, म्हणून दोन-तीन उत्तरं ताडून पाहिली की जमिनीचा आवाज वजा करता येतो. ही कल्पना अलीकडे जन्मली असं कुणी समजू नये. फिशरची सीझेड मालिका आणि ऑस्ट्रेलियातल्या मिनलॅबचं सॉव्हरिन 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून हेच करत होती. पण ती मशीनं मंद होती, पुढची काही चांगलीच जड होती आणि किंमतही तशीच. 2018 मध्ये मिनलॅबच्या इक्विनॉक्सने वेग, हलकं वजन आणि पाण्यात बुडवता येण्याची सोय मधल्या किमतीत दिली, तिथे बाजार बदलला. पुढे डेउस 2, तुर्कस्तानच्या नोक्ताचं लेजंड, मिनलॅबचं मँटिकोर आली. ही सगळी चांगली मशीनं आहेत. मात्र 2018 आधीच्या साध्या एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनवरून यांच्याकडे जाणं आणि यांच्यातल्याच एकावरून दुसऱ्यावर उडी मारणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात फरक कानाला कळतो. दुसऱ्यात तो बहुधा पावतीवरच दिसतो.

ओल्या वाळूवर फिरणाऱ्याला तर फार विचार करायची गरजच नाही. भरतीच्या रेषेखाली एका फ्रिक्वेन्सीचं मशीन मीठ बघूनच बडबडायला लागतं, संवेदनशीलता खाली आणावी लागते आणि मग ते अर्धवट बहिरं होतं. तिथे अनेक फ्रिक्वेन्सीचं किंवा पल्स इंडक्शनचं, म्हणजे जमिनीत चुंबकीय झटके सोडणारं, मशीन घ्यावं, आणि खर्चाचं वाईट वाटू देऊ नये. पाण्यात उतरायचं असेल तर खोलीची मर्यादा बघावी. पहिली इक्विनॉक्स तीन मीटरपर्यंत, नंतरची पाच, डेउस 2 वीस मीटर. पण कंबरभर पाण्यात चालणाऱ्याने वीस मीटरचे पैसे का द्यावेत, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

लोहखनिजाने भरलेल्या मातीतही नव्याचा फायदा खरा आहे. अमेरिकेत व्हर्जिनियाची लाल माती, ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाची सोन्याची रानं. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण आणि कोकणातला जांभाही मशीनला असाच त्रास देणारा. व्हिक्टोरियातल्या किंगोवरला 1980 साली "हँड ऑफ फेथ" हा 27 किलोंचा सोन्याचा गोळा फूटभर खोलीवर सापडला, तो त्या काळच्या गॅरेट मशीनने. ऐकायला छान, पण तेवढा गोळा दुसऱ्यांदा थोडाच मिळतो? नंतरच्या शोधकांनी त्याच रानांतून जे काढलं ते तांदळाच्या, वाटाण्याच्या आकाराचं सोनं, आणि ते 1990 च्या दशकात मिनलॅबची पल्स इंडक्शन मशीनं आल्यावर. तिथे प्रत्येक पिढीच्या मशीनने "संपलेली" रानं पुन्हा थोडी थोडी उघडली. पोटासाठी सोनं शोधणाऱ्याला तिथे नवं मशीन म्हणजे भांडवल आहे. इंग्लंडातल्या शेतावरच्या छंदाला तो हिशेब लावू नये. पल्स इंडक्शन मशीनं लोखंड आणि सोनं नीट वेगळं सांगत नाहीत, आणि खिळ्यांच्या शेतात दिवसभर खड्डे काढून पाठ धरते.

एक गोष्ट मात्र कुठल्याही पिढीला सुटलेली नाही. सोन्याची अंगठी आणि कॅनच्या झाकणाची अ‍ॅल्युमिनियमची कडी, दोघींचे आकडे पडद्यावर एकाच पट्ट्यात येतात, कारण मशीनला सोनेपण दिसत नाही, वाहकता आणि आकार दिसतो. पार्कात कडी खणायला कंटाळणारा माणूस अंगठीही सोडून येतो, मग मशीन दोनशेचं असो वा दीड हजाराचं.

नव्याकडे जाण्याआधी करून बघण्यासारख्या स्वस्त गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यांबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. खिळ्यांच्या जागेसाठी सहा इंची छोटी कॉइल घेतली की एका वेळी तिच्याखाली कमी खिळे येतात, आणि जुन्या मशीनलाही मधलं काही ऐकू येऊ लागतं. शंभर-सव्वाशे पौंडांत हा प्रश्न अर्धा सुटतो. मोठी कॉइल मोकळ्या कुरणात खोल जाते, पण बारीक तुकडे सोडते. फर्मवेअरचं नवं व्हर्जन आलंय का ते पाहावं. पहिल्या डेउसच्या मालकांना वर्षानुवर्षं फुकट सुधारणा मिळत गेल्या आणि कित्येकांनी त्या टाकून घेतल्याही नाहीत. चांगले हेडफोन घ्यावेत. आणि सरळ सांगायचं तर, हात हळू फिरवावा. शेतभर लगबगीने चालणाऱ्याला महागडं मशीनही वाचवत नाही.

काही कारणं तांत्रिक नसूनही पटण्यासारखी असतात. खांदा दुखतो, हे त्यातलं पहिलं. मिनलॅबचं सीटीएक्स 3030 दोन किलोंच्या वर जातं; आजची कित्येक मशीनं सव्वा किलोच्या आसपास, डेउस तर किलोच्या आत. साठी ओलांडलेल्या माणसाने दिवसभर फिरायचं तर हा फरक आकड्यांपेक्षा मोठा आहे. दुसरं कारण दुरुस्तीचं. अमेरिकेतली टेसोरो कंपनी 2018 मध्ये बंद पडली, व्हाइट्स 2020 मध्ये. दोन्ही जुन्या, नावाजलेल्या कंपन्या. त्यांची मशीनं अजून मस्त चालतात, पण कॉइल गेली की सुट्या भागांसाठी जुन्या बाजारात हिंडावं लागतं. अशा मशीनवर पैसे घालत बसण्यापेक्षा ते चालू आहे तोवर विकावं, कारण त्यांचे चाहते अजून चांगली किंमत देतात.

स्वस्तात नवं मिळतंय म्हणून हुरळून जाऊ नये, कारण या धंद्यात नकली माल भरपूर आहे. मिनलॅबच्या मॉडेलांच्या हुबेहूब नकला तर जगभर विकल्या जातात. सेकंडहँड घेताना सीरियल नंबर पाहावा, पहिल्या मालकाची पावती मागावी आणि वॉरंटी आपल्या नावावर चालते की नाही ते कंपनीला विचारून घ्यावं. एका पिढीमागचं वरच्या फळीतलं मशीन, वापरलेलं, ओळखीच्या माणसाकडून घेणं हा माझ्या मते बहुतेकांसाठी सर्वांत शहाणा सौदा आहे. नवीन मॉडेल जाहीर झालं की आधीच्याचे भाव महिन्याभरात उतरतात.

आणि परवानगीचा हिशेब या सगळ्याच्या वर. ज्या शेतावर पंधरा वर्षं दहाजण फिरलेत, तिथे दीड हजाराचं मशीन चार बटणं जास्त काढेल. ज्या शेतावर अजून कुणी गेलंच नाही, तिथे दोनशेचं मशीन पहिल्याच सकाळी पिशवी भरून देईल. अशी शेतं दुकानात मिळत नाहीत. गावच्या जुन्या नकाशांवर पायवाटा आणि जत्रेच्या जागा शोधा, शेतकऱ्याच्या दारात पावसाळी संध्याकाळी जाऊन उभे राहा, नकार ऐका, नाताळाला सापडलेल्या वस्तूंचा फोटो आणि मिठाईचा डबा घेऊन पुन्हा जा. बहुतेकांना हे करायचं नसतं. पंधराशे पौंड मोजणं त्यांना सोपं वाटतं, आणि मला त्यांचं नवल वाटत नाही. दार वाजवणं मलाही नको असतं.

तरीही मन ऐकत नसेल तर पैसे देण्याआधी एक चाचणी करावी. ज्याच्याकडे हवं ते मशीन आहे अशा क्लबमधल्या माणसाला आपल्या नेहमीच्या शेतावर घेऊन जावं. आपल्या मशीनवर लागलेला सिग्नल खणायचा नाही, तिथे फक्त छोटा झेंडा रोवायचा आणि अंदाज लिहून ठेवायचा. त्याने तेच झेंडे त्याच्या मशीनवर तपासायचे, आणि त्याला वेगळे लागतील तिथे दुसऱ्या रंगाचे झेंडे लावायचे, ते आपण तपासायचे. मग सगळे खणायचे. दुसऱ्या रंगाच्या झेंड्यांखाली निघालेल्या वस्तूंतल्या किती तुम्हाला ठेवाव्याशा वाटतात, ते मोजा आणि त्या आकड्याकडे पाहून किंमत ठरवा. मात्र वाळूवर केलेल्या चाचणीचा निकाल शेताला लावू नये, आणि ऑगस्टच्या कोरड्या ढेकळांत केलेल्या चाचणीवरून नोव्हेंबरच्या ओल्या मातीचा अंदाज बांधू नये. ओल उतरल्यावर तीच जमीन आणि तेच खिळे निराळेच बोलतात, त्यामुळे जमलं तर दोनदा करावी.